बाराचा हिशेब



आज आपण एका आकड्याची ओळख करून घेऊ. हा आकडा काही नवा नाही. तो तुमच्या घरात आहे, बाजारात आहे, पंचांगात आहे. खरे सांगायचे तर तो तुमच्या हातातच आहे. तो आकडा म्हणजे १२.

हातात कसा, ते आधी पाहू. सर्वांनी उजवा हात पुढे करा. अंगठा बाजूला काढा. बोटे उरली चार. प्रत्येक बोटाला पेरे तीन. आता अंगठ्याचे टोक करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवा आणि मोजत वर चला. एक, दोन, तीन. करंगळी संपली. शेजारच्या बोटावर या. चार, पाच, सहा. मधले बोट: सात, आठ, नऊ. आणि अंगठ्याजवळचे बोट: दहा, अकरा, बारा. झाले! एका हाताची पेरे बारा.

ज्यांना पाटी-पेन्सिल कधी मिळाली नाही, त्या आपल्या आज्या-पणज्या याच पेरांवर रतिबाचे दूध मोजत, मजुरीचे दिवस मोजत. त्यांना लिहिता येत नव्हते. पण हिशेब येत नव्हता, असे कोणी म्हणू नये.

तुम्ही या वर्गात बाराखडी शिकलात. क, का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ, कं, कः. पेरांवर मोजून पाहा. बरोबर बारा भरतात. अलीकडे कॅ आणि कॉ धरून चौदा लिहितात. पण नाव बाराखडी हेच राहिले.

शेवटी आम्ही तुम्हांला एका मावशींचा हिशेब सांगणार आहोत. कर्जातून बाहेर पडायची वाट त्यांना याच बारा पेरांनी दाखवली. पण बैल घेण्याआधी आपण त्याचे दात पाहतो. तसे बाराचे गुण आधी पाहून घेऊ.

बाराचा पहिला गुण असा, की तो वाटणीला फार सोपा आहे. समजा, टोपलीत १२ भाकरी आहेत. खाणारे दोघे असले तर सहा-सहा. तिघे असले तर चार-चार. चौघे असले तर तीन-तीन. सहा जण असले तर दोन-दोन. आणि बारा जण असले तर एकेक. कुठेही तुकडा मोडावा लागत नाही. कुठेही भांडण नाही.

आता टोपलीत १० भाकरी ठेवा. दोघांत पाच-पाच झाल्या. पण तिघे आले तर? तीन-तीन वाटून एक उरते. चौघे आले तर? दोन-दोन वाटून दोन उरतात. उरलेली कोणाची, यावर घरात काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे.

ज्या आकड्याने भाग दिला असता बाकी उरत नाही, त्याला भाजक म्हणतात. बाराचे भाजक सहा आहेत: १, २, ३, ४, ६ आणि १२. दहाचे चारच आहेत: १, २, ५ आणि १०. बारापेक्षा लहान आकडे सगळे तपासून पाहा. सहा भाजक एकालाही नाहीत. आणि बाराचे शेजारी पाहा. एका बाजूला ११ आणि दुसऱ्या बाजूला १३. या दोघांना १ आणि तो आकडा स्वतः, एवढेच भाजक. अशांना मूळ संख्या म्हणतात. अकरा भाकरी आणल्या तर दोघांत, तिघांत, चौघांत, कोणातही सारख्या वाटता येत नाहीत.

बाराचेही सगळ्यांशी जमते असे मात्र नाही. पाच जणांत १२ वाटल्या तर दोन उरतात. पण गावच्या व्यवहारात वाटणी बहुधा दोघांत, तिघांत, चौघांत असते. अर्धा, तिसरा हिस्सा, पाव हिस्सा, हेच आपल्याला रोज लागते. हे तिन्ही बारात सरळ मिळतात. म्हणून जगात ठिकठिकाणी लोकांनी माप करताना बारा हा आकडा धरला.

आणखी एक गंमत पाहा. आठचे भाजक घ्या. स्वतः आठ सोडून द्या. उरले १, २ आणि ४. बेरीज झाली ७. आठपेक्षा एक कमी. सहाचे घ्या. १, २ आणि ३. बेरीज ६. बरोबर तेवढीच. आता बाराचे घ्या. १, २, ३, ४ आणि ६. बेरीज झाली १६. बारापेक्षा चार जास्त! एकपासून मोजत गेलो तर हिश्शांची बेरीज मूळ आकड्याच्या वर जाणारा पहिला आकडा हा बाराच.

आता बाजारात जाऊ. केळी, अंडी, बांगड्या आपण डझनाने घेतो. डझन म्हणजे बारा. बारा डझन झाले की १४४. त्याला ग्रोस म्हणतात. बटणे, पेन्सिली असा बारीक माल दुकानदार ग्रोसने आणतात.

डझनाचा भाव कळला की एका नगाचा भाव काढायला शिका. समजा, केळी ६० रुपये डझन आहेत. बाराचा पाढा आठवा. बारा पाचे साठ. म्हणजे एक केळे पाच रुपयांना पडले. अर्धा डझन ३० ला पडायला हवा. पाव डझन, म्हणजे तीन केळी, १५ ला.

आता दुसरा विक्रेता म्हणतो, "माझ्याकडे ५५ रुपयांत घड." तुम्ही म्हणाल, स्वस्त आहे. पण आधी केळी मोजा. घडात दहाच असली तर एक केळे साडेपाच रुपयांना पडले. त्या भावाने डझन ६६ ला जातो. म्हणजे ५५ वाला महाग आणि ६० वाला स्वस्त! हल्ली कितीतरी वस्तू दहा-दहाच्या पाकिटात येतात. पाकीट दिसायला डझनासारखेच दिसते. म्हणून आधी नग मोजावे, मग भाव बघावा.

आता जुन्या पैशांकडे येऊ. पूर्वी रुपयाचे १६ आणे होत आणि एका आण्याच्या १२ पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. जुनी पद्धत गेली. नवी पद्धत लिहायला आणि मोजायला सोपी आहे, यात शंका नाही. पण जुन्या पद्धतीतही एक शहाणपण होते. ते पाहा.

तीन भावांत एक रुपया वाटायचा आहे. सोळा आणे तिघांत वाटले. प्रत्येकाला पाच आणे आले आणि एक आणा उरला. त्या उरलेल्या आण्याच्या १२ पै करा. बारा तिघांत वाटले, चार-चार आले. म्हणजे प्रत्येकाला ५ आणे ४ पै. बाकी काही नाही. आज १०० पैसे तिघांत वाटले तर प्रत्येकाला ३३ येतात आणि एक पैसा उरतोच.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आता आणे-पै कुठे आहेत?" आहेत, आपल्या घरच्या कागदांत आहेत. जुना सात-बारा काढून पाहा. तिथे हिस्सा आणे-पैत लिहिलेला सापडतो. १६ आणे म्हणजे सगळी जमीन. ८ आणे म्हणजे अर्धी. ४ आणे म्हणजे पाव. आणि ५ आणे ४ पै लिहिले असेल तर तो तिसरा हिस्सा. हे वाचता आले नाही तर आपला हिस्सा किती, हे आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. सांगणारा खरे सांगेलच असे नाही.

सात-बारा या नावातही बारा आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, या दोन नमुन्यांचे ते नाव. सातमध्ये जमीन कोणाची ते लिहितात. बारामध्ये तीत कोणते पीक घेतले ते लिहितात.

जमिनीवरून घराकडे येऊ. १२ इंच म्हणजे एक फूट. सुतार आणि गवंडी आजही फूट-इंचात बोलतात. अर्धा फूट सहा इंच, पाव फूट तीन इंच, तिसरा हिस्सा चार इंच. सगळे पुरे आकडे.

घराचा पाया आखताना कोपरा काटकोनात आहे की नाही, हे बघावे लागते. गवंडी गुण्या लावतो. पण गुण्या लहान असतो आणि घर मोठे. मग काय करावे? एक न ताणणारी दोरी घ्या. काठीने मोजून तिच्यावर बारा सारखे भाग करा आणि खुणेच्या गाठी मारा. बारावा भाग संपेल तिथे दोरीची दोन्ही टोके बांधून टाका. आता तीन खुंट्या घ्या. दोरी अशी ताणा, की एक बाजू तीन भागांची, दुसरी चार भागांची आणि तिसरी पाच भागांची होईल. तीन आणि चार आणि पाच मिळून बारा. तीन भागांची आणि चार भागांची बाजू जिथे मिळतात, तिथे पक्का काटकोन होतो. डोळे मिटून विश्वास ठेवा!

नको, विश्वास ठेवू नका. हिशेब करून पाहा. तीन त्रिक नऊ. चार चोक सोळा. नऊ आणि सोळा पंचवीस. आणि पाचा पाचा पंचवीस. दोन्ही बाजू जमल्या. काटकोनाची ही खूण फार जुनी आहे. आपल्याकडे यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी शुल्बसूत्रे नावाचे ग्रंथ झाले. शुल्ब म्हणजे दोरी. तीन आणि चार यांची ही जोडी त्यांतल्या बौधायनाच्या ग्रंथात आलेली आहे. तुमच्या गावचा गवंडी एका सुतावर तीन फूट, दुसऱ्यावर चार फूट मोजतो आणि तिरपे पाच फूट भरते का ते पाहतो. तो तेच जुने गणित करत असतो.

आता वर आभाळाकडे पाहा. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने मोजले तर ३५४ दिवस होतात. पण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा फिरून यायला सुमारे ३६५ दिवस लागतात. म्हणजे दर वर्षी ११ दिवसांचा फरक पडतो. तो तसाच साठू दिला तर दिवाळी हळूहळू भर पावसाळ्यात येईल. म्हणून सुमारे पावणेतीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्त धरतात. तोच अधिक महिना, म्हणजे आपला धोंड्याचा महिना. २०२३ साली श्रावण असा अधिक आला होता. जावयाला अनारसे मिळतात ते या अकरा दिवसांच्या हिशेबामुळे! आपले मुसलमान बांधव चंद्राचे बाराच महिने धरतात, अधिक महिना धरत नाहीत. म्हणून ईद दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. दोघांचाही हिशेब बरोबर आहे. फक्त रीत वेगळी आहे.

राशीही बारा आहेत. गुरू हा ग्रह एका राशीत साधारण एक वर्ष असतो. बारा राशी फिरून यायला त्याला जवळजवळ बारा वर्षे लागतात. तो सिंह राशीत आला की नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. २००३ साली भरला, मग २०१५ साली भरला. मधे बारा वर्षे. बारा वर्षांना आपण एक तप म्हणतो.

घड्याळातही बाराच. दिवसाचे तास २४, म्हणजे बाराच्या दोन फेऱ्या. रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र तास १३, १४, १५ असे पुढे मोजतात. कोणी घाबरू नये. तासांतून १२ वजा करावे. १७:४० लिहिले असेल तर सतरातून बारा गेले, पाच उरले. गाडी संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी आहे.

एक गोष्ट जपा. तिकिटावर १५ तारीख आणि ००:२० अशी वेळ असेल तर ती गाडी १५ तारखेच्या रात्री जेवण करून निघालात तर मिळणार नाही. रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते. म्हणून ती गाडी १४ तारखेच्या रात्री, बारा वाजून गेल्यावर वीस मिनिटांनी सुटते. १४ तारखेला रात्रीच स्टेशनावर जाऊन बसावे. यात चूक झाली तर तिकिटाचे पैसे गेले आणि काम राहिले.

आता आपण मुख्य गोष्टीकडे येऊ. वर्षाचे महिने बारा, हे लहान मूलही सांगते. पण या साध्या गोष्टीचा विसर पडला तर काय होते, ते ऐका.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत. त्यांचे नाव सांगत नाही. अशा मावशी गावोगावी आहेत. त्यांचे मालक आजारी पडले. दवाखान्याला ५,००० रुपये हवे होते. त्यांनी एका ठिकाणी विचारले. तिथे सांगितले, व्याज शेकडा बारा. मग गावातल्या एका खाजगी सावकाराकडे विचारले. तो म्हणाला, "तुमच्याकडून काय जास्त घ्यायचे? शेकडा पाच द्या." मावशींनी विचार केला, बारापेक्षा पाच कमी. त्यांनी सावकाराचे पैसे घेतले.

शेकडा पाच म्हणजे शंभराला पाच रुपये. ५,००० ला २५० रुपये. मावशी दर महिन्याला २५० रुपये नेऊन देत. मजुरीचे पैसे आले की आधी ते बाजूला काढत. एकही महिना चुकला नाही. एका रात्री वर्गात बाराचा पाढा चालला होता. तेव्हा त्यांनी विचारले, "गुरुजी, माझं किती फिटलं, एवढं सांगा की."

आम्ही म्हणालो, "आम्ही कशाला सांगू? तुमच्या हातात पेरे आहेत. एका पेराला एक महिना धरा."

मावशी मोजू लागल्या. एक पेर २५०. दोन पेरे ५००. एक बोट झाले, ७५०. दोन बोटे झाली, १,५००. चार बोटे झाली, बारा पेरे झाली, ३,००० झाले. एक वर्ष झाले. त्या पुढे दुसऱ्या हातावर गेल्या. आणखी आठ पेरे मोजली. आठ महिन्यांचे २,०००. वीस महिन्यांचे मिळून ५,०००.

मावशी थांबल्या. "म्हंजे घेतले तेवढे दिले की!"

"हो. आणि मूळ?"

"मूळ तर तसंच हाय. तो म्हणतो, पाच हजार आणा मग कागद घ्या."

वर्गात कोणी बोलेना. मग मावशीच म्हणाल्या, "आन् ते बारा सांगत होते, ते काय होतं?"

ते शेकडा बारा वर्षाचे होते. सावकाराचे शेकडा पाच महिन्याचे होते. सगळी गोम इथे आहे. महिन्याचा दर आणि वर्षाचा दर हे एका तराजूत घालता येत नाहीत. आधी महिन्याच्या दराला बाराने गुणावे लागते. बारा पाचे साठ. म्हणजे सावकाराचे व्याज वर्षाला शेकडा ६० होते. ५,००० ला एका ठिकाणी वर्षाचे व्याज ६०० रुपये झाले असते. मावशींनी भरले ३,०००. पाचपट! आकडा पाच दिसला म्हणून स्वस्त वाटले. पण त्या पाचामागे बारा उभे होते.

म्हणून आम्ही म्हणतो, बाराचा पाढा हा व्याजाचा पाढा आहे. सगळे मिळून म्हणा.

महिना शेकडा एक, तर वर्षाला बारा.
महिना शेकडा दोन, तर वर्षाला चोवीस.
महिना शेकडा तीन, तर वर्षाला छत्तीस.
महिना शेकडा चार, तर वर्षाला अठ्ठेचाळीस.
महिना शेकडा पाच, तर वर्षाला साठ.
महिना शेकडा दहा, तर वर्षाला वीसाशे, म्हणजे १२०. शंभर घेतले तर वर्षाला व्याजच एकशेवीस!

मावशींनी पुढे काय केले? त्या बायकांच्या बचत गटात होत्या. आजवर त्यांनी गटात बचत टाकली, पण कर्ज मागायला त्या लाजत. त्या आठवड्यात त्यांनी गटाकडून ५,००० रुपये घेतले, सावकाराचे मूळ फेडले आणि आपला कागद परत आणला. गटाचे व्याज महिना शेकडा दोन होते. तेही वर्षाला चोवीस होते, काही थोडे नव्हे. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, ते व्याज गटातच राहते आणि गटातल्या बायकांचेच होते. दुसरी, दर महिन्याला मुळातले २५० फेडायचे आणि जेवढे मूळ उरले तेवढ्यावरच व्याज द्यायचे.

पहिल्या महिन्याला मूळ २५० आणि व्याज १००, मिळून ३५० रुपये. दुसऱ्या महिन्याला व्याज ९५. तिसऱ्या महिन्याला ९०. दर महिन्याला पाच रुपये कमी. विसाव्या महिन्याला व्याज फक्त पाच रुपये. पहिला महिना आणि विसावा महिना मिळून व्याज १०५. दुसरा आणि एकोणिसावा मिळून १०५. अशा दहा जोड्या. सगळे व्याज १,०५० रुपये.

सुरुवातीचे हप्ते मावशींना जड गेले. महिन्याला २५० च्या जागी ३५० आणायचे कुठून? त्यांनी एक करडू विकले. पण वीस महिन्यांनी कर्ज संपले. आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. आधीच्या वीस महिन्यांत भरले ५,००० आणि डोक्यावर ५,००० तसेच. नंतरच्या वीस महिन्यांत भरले ६,०५० आणि डोक्यावर शून्य. महिने तेवढेच. कष्ट तेच. हिशेब फक्त बदलला.

कोणी विचारील, सावकाराने वाटेल ते व्याज घ्यावे काय? नाही. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारीचा कायदा झाला आहे. सावकारी करायला परवाना लागतो. व्याज किती घ्यावे याला सरकारने हद्द घातली आहे. परवाना नसताना कोणी सावकारी करत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत तक्रार करता येते. पण तक्रार करायलाही कागद लागतो, आकडा लागतो. किती घेतले, किती दिले, कोणत्या तारखेला दिले, हे आपल्या वहीत लिहिलेले हवे.

म्हणून कर्ज घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. पहिला, दर महिन्याचा की वर्षाचा? दुसरा, व्याज सगळ्या मुळावर की उरलेल्या मुळावर? तिसरा, भरलेल्या पैशांची पावती मिळेल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे जो सरळ देत नाही, त्याच्या दारातून सरळ परत या.

बाराचा पाढा दुसऱ्या बाजूनेही चालतो. महिन्याला १०० रुपये बाजूला टाकले तर वर्षाला १,२०० होतात. २०० टाकले तर २,४००. महिन्याला काढलेले थोडे वाटते. वर्षाला त्यातून मुलांची पुस्तके आणि गणवेश निघू शकतात. देणे असो की बचत असो, महिन्याचा आकडा लहान दिसतो. त्याला बाराने गुणले की त्याचे खरे रूप कळते.

घरी गेल्यावर तीन हिशेब करून पाहा. एक, अंडी ८४ रुपये डझन असतील तर एक अंडे केवढ्याला? दोन, १०,००० रुपये महिना शेकडा तीनने घेतले तर वर्षाचे व्याज किती? तीन, गाडी २१:१५ ला आहे, तर रात्री किती वाजता? पुढच्या वेळी येताना उत्तरे वहीत लिहून आणा. पेरांवर मोजून केली तरी चालेल.

शेवटचे एकच सांगतो. आजवर आपल्याला लिहिता येत नव्हते. कोणी कागद पुढे केला की आपण हा अंगठा शाईत बुडवून त्यावर उठवत होतो. कागदात काय आहे, हे अंगठ्याला कळत नव्हते. आता तुम्ही सही शिकलात. तेव्हा यापुढे कोणी कर्जाचा कागद पुढे केला तर आधी तो वाचा. मग तोच अंगठा या बारा पेरांवरून एकदा फिरवा. वर्षाचा हिशेब पटला तरच सही करा.